कपडे वाळवायचं मशीन आणि अम्मीचा बुरखा

जुलै महिन्यात मुंबईतल्या दोन बायका भेटल्या तर तब्येत विचारायच्या आधी एकमेकींना विचारतात, "कपडे वाळतात का हो तुमच्याकडे?" आमच्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये पावसाळाभर हा विषय पुरतो. कुणी पंख्याखाली दोरी बांधते, कुणी गाद्यांवर पसरते, कुणी मुलाचा युनिफॉर्म पहाटे इस्त्रीने वाळवून अंगात घालते. या वर्षी मी त्या गप्पांत मिरवण्यासारखं काहीतरी केलं. धुवून तिथेच वाळवणारं मशीन घेतलं. लिहायला बसले होते त्या मशीनबद्दलच. पण ते मशीन घरात का आलं हे खरं सांगायचं, तर एक गोष्ट कबूल करावी लागेल. ती शेवटी सांगते.

आधी घर सांगते. मुंबईच्या पूर्व उपनगरात भाड्याचा वन बीएचके. एजंट साडेचारशे फूट म्हणाला होता, मी टेप लावून मोजलं तर तीनशे नव्वद भरलं. राहणारे चौघं. मी, नवरा, चौथीतली मुलगी आणि तीन वर्षांपासून अम्मी. बाल्कनी नाही. हॉलची एक मोठी खिडकी आहे, तिला बाहेर ग्रिल. बेडरूमची खिडकी पलीकडच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून, तिथे ऊन मे महिन्यातसुद्धा अर्धा तास येतं. म्हणजे कपडे वाळवायला एकच जागा, हॉलची खिडकी.

पावसाळ्यात तीही जाते. मग आमच्या घरात कपडे कुठे कुठे असतात ते ऐका. फोल्डिंगचा स्टँड हॉलच्या मधोमध, म्हणजे टीव्ही बघणाऱ्याने चड्ड्यांच्या फटीतून बघायचं. दाराच्या मागच्या खुंट्यांवर शर्ट. कपाटाच्या दारांवर ओढण्या. खुर्च्यांच्या पाठींवर टॉवेल. जीन्स फ्रिजच्या मागे, कारण तिथे गरम लागतं. बेडशीट धुवायची तर आधी बैठक बसवावी लागते, की वाळवायची कुठे. आणि चार दिवसांनी त्या सगळ्याला येणारा तो कुबट वास. अत्तर लावून शाळेत गेले तरी बाईंच्या पदराला ओल्या फडक्याचा वास येतो, हे मुलांना कळत असणारच.

मी मिरजेजवळच्या खेड्यातली. आमच्याकडे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याहून जास्त मुंबईत एकट्या जुलैत पडतो. गावाकडे कपडे वाळवणं हा कधी प्रश्नच नव्हता. अंगणात कडुनिंबापासून परसाच्या भिंतीपर्यंत जाड तार ओढलेली. उन्हाळ्यात पहिला कपडा तारेवर टाकून शेवटच्यापर्यंत यावं, तोवर पहिला वाळलेला. पण अम्मीचे नियम कडक होते. कपडा आधी झटकायचा, इतका जोरात की शेजारी ऐकू गेला पाहिजे. रंगीत कपडे उलटे करून घालायचे. आतले कपडे तारेवर, पण त्यांच्यावर जुनं लुगडं पसरायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मगरिबच्या अजानीआधी तार रिकामी झाली पाहिजे. रात्री कपडे बाहेर राहिले की त्यांवर काय बसेल सांगता येत नाही, असं ती म्हणायची. शेजारच्या पाटील काकू तिन्हीसांजेला कपडे बाहेर ठेवू नयेत म्हणायच्या. दोघी एकाच वेळी आपापल्या अंगणात कपडे गोळा करायच्या आणि कुंपणावरून बोलायच्या. त्यांचं लुगडं वाऱ्याने आमच्याकडे यायचं, आमची लुंगी त्यांच्याकडे जायची. कुणाच्या तारेवर काय आहे याकडे कुणी बघत नव्हतं, कारण कोण कुठे राहतं हे सगळ्या गावाला तसंही माहीत होतं.

अम्मी तेव्हा सहावारी नेसायची, डोक्यावर पदर. बुरखा ती वापरायला लागली अब्बांबरोबर उमऱ्याला जाऊन आल्यावर. मी वापरत नाही. यावरून आमच्यात वाद झालेला नाही. तिने मला घाल म्हटलं नाही, मी तिला काढ म्हटलं नाही. अब्बा गेले, गावातच तिने इद्दत पूर्ण केली, आणि मी तिला घेऊन आले. येताना तिच्या पिशवीत दोन बुरखे होते, दोन्ही काळे. एक रोजचा, एक बाहेरगावचा.

दम्याचा त्रास तिला गावाकडेही होता, पण थंडीत महिनाभर. इथे आल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात तो जूनमध्ये सुरू झाला आणि थांबेना. रात्री दोन वाजता उठून बसायची. खोकून खोकून दमायची, मग भिंतीला टेकून बसल्या बसल्या फजरची वाट बघायची. मुलगी तिच्या शेजारी झोपते. एकदा सकाळी मला म्हणाली, "मम्मी, नानीच्या छातीत शिट्टी वाजते."

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, पंप बदलून दिला आणि लिहिता लिहिता विचारलं, "घरात कपडे कुठे वाळवता?"

मला वाटलं, असंच विचारतायत. मी हसून सांगितलं, जिथे जागा मिळेल तिथे. ते हसले नाहीत. म्हणाले, भिंतींवर काळे ठिपके आहेत का बघा, कपाटामागे. ओल असली की बुरशी धरते, गादीत अगदी बारीक किडे वाढतात, डोळ्याला दिसत नाहीत असे. दमा असलेल्याला दोन्ही वाईट.

घरी येऊन कपाट ओढलं. मागची भिंत तळापासून गुडघ्यापर्यंत काळी होती. अम्मीची गादी त्याच भिंतीला लागून.

त्या रात्री मी हिशोब केला. मी शाळेत विज्ञान शिकवते, बाष्पीभवन दरवर्षी फळ्यावर काढते, पण स्वतःच्या हॉलमध्ये ते कधी मोजलं नव्हतं. चार किलो सुके कपडे धुतले, तर मशीनने पिळल्यावरही त्यांत दोन-अडीच लिटर पाणी उरतं. सकाळी कपडे वाळले याचा अर्थ ते अडीच लिटर पाणी कुठेतरी गेलं. कुठे गेलं? खिडक्या पावसामुळे बंद. बाहेरची हवाच इतकी दमट की तिच्यात आणखी पाणी मावत नाही. मग ते आमच्या भिंतीत, गादीत, पुस्तकांत आणि अम्मीच्या छातीत गेलं. रोज रात्री आपण हॉलमध्ये पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या शिंपडून झोपतो, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. करत तेच होतो.

आता मशीनकडे येते, कारण ते घ्यायचं ठरवलं तरी कुठलं घ्यायचं यातच पंधरा दिवस गेले.

नुसता वाळवायचा वेगळा ड्रायर मिळतो आणि तो काम जास्त चांगलं करतो. पण तो ठेवायचा कुठे? आमच्याकडे मशीनची जागा एकच, बाथरूमच्या दाराशी. नळ तिथे, पाणी जायची वाट तिथे. शिवाय ड्रायरच्या एका प्रकाराला गरम ओली हवा बाहेर सोडायला जाड नळी लागते, म्हणजे भिंतीला भोक. भाड्याच्या घरात भोक पाडायचं म्हणजे मालकाशी बोलणं, आणि मालकाशी जितकं कमी बोलावं तितकं बरं असतं. राहिलं ते धुणं आणि वाळवणं एकाच ड्रममध्ये करणारं मशीन. जागा तेवढीच, नळी बाहेर काढायची नाही. पन्नास हजारांच्या वर गेलं. हप्ते बांधले.

दुकानातल्या मुलाने एक वाक्य दोनदा सांगितलं होतं आणि मी दोन्ही वेळा नीट ऐकलं नाही. "मॅडम, आठ किलो धुवा, पण पाचच किलो वाळवा." पहिल्याच दिवशी मी ड्रम गच्च भरला, धुणं आणि वाळवणं दोन्ही लावलं आणि शाळेत गेले. परत आले तर आत कपड्यांचा एक गोळा. बाहेरून गरम, आतून ओला, आणि सुरकुत्या अशा पडलेल्या की नवऱ्याचा शर्ट वाळलेल्या आंब्याच्या सालीसारखा दिसत होता. अम्मीने हात लावून बघितलं आणि म्हणाली, "ह्ये वाळलंय व्हय गं? गरम हाय नुस्तं."

तिचं बरोबर होतं. मग मी पुस्तिका वाचली. ज्यांना असं मशीन घ्यायचंय त्यांच्यासाठी, सहा महिन्यांत जे शिकले ते सांगते.

हे मशीन आतली हवा हीटरने तापवतं आणि फिरत्या कपड्यांतून सोडतं. ती हवा पाणी उचलते. मग ती थंड केली जाते म्हणजे पाणी गळून नळीतून बाहेर जातं, आणि तीच हवा पुन्हा तापून आत येते. ड्रममध्ये कपडे ओलेपणी तळाशी बसतात, वाळताना फुलतात. फुलायला जागा नसेल तर हवा आत शिरत नाही, म्हणून धुवायचं आठ किलो आणि वाळवायचं पाच. मी तर चारच घालते.

दुसरं, आमच्यासारख्या मशीनमध्ये हवा थंड करायला नळाचं पाणी वापरतात. म्हणजे कपडे वाळवायलाही पाणी लागतं. यावर माझा विश्वास बसला नाही, म्हणून एकदा बाहेरची नळी बादलीत सोडली. वाळवायच्या वेळेत दोन बादल्या भरून वर पाणी आलं. मुंबईत पाणी असं सोडून देणं जिवावर येतं. अम्मीला तर ते बघवेचना. आता ती नळी बादलीतच असते आणि त्या पाण्याने बाथरूम, जिना आणि चपलांची जागा धुतली जाते.

तिसरं, वीज. हीटरने वाळवणाऱ्या मशीनमध्ये एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण दोन तृतीयांश युनिट लागतंच. प्रत्यक्षात त्याच्या दुपटीपेक्षा जास्त लागतं. एका फेरीला आमच्या मीटरवर साडेतीन-चार युनिट पडतात. म्हणून आधी पिळण्याचा वेग सगळ्यात जास्त ठेवायचा. जे पाणी फिरवून निघतं ते स्वस्तात निघतं, जे तापवून काढावं लागतं ते महाग. आणि सगळं वाळवायचं नाही. टॉवेल, जीन्स, चादरी, मुलीचा युनिफॉर्म मशीनमध्ये. ओढण्या, पातळ कुर्ते, सुती साड्या स्टँडवर पंख्याखाली, तासाभरासाठी खिडकी थोडी उघडी ठेवून. असं केल्यावर बिल महिन्याला चारेकशे रुपयांनी वाढलं, जास्त नाही.

आणि वेळ. धुवून वाळवून पाच तास जातात. तेवढ्यात दुसरा घाणा लावता येत नाही, कारण ड्रम एकच. संपल्यावर कपडे लगेच काढून झटकून दहा मिनिटं पसरायचे, नाहीतर आतली वाफ पुन्हा कपड्यांत बसते आणि वाळलेला कपडा दमट लागतो. दाराच्या रबराच्या घडीत कपड्यांचे तंतू साचतात, ते ओल्या फडक्याने दर वेळी पुसायचे. थोडक्यात, या मशीनने माझं काम संपलं नाही. काम बदललं. पण हॉलच्या मधोमध असलेला स्टँड आता भिंतीला टेकून उभा राहतो, आणि आम्ही चौघं एका वेळी जमिनीवर दस्तरखान टाकून जेवू शकतो. हे मी पावसाळ्यात पहिल्यांदा बघितलं.

अम्मीला मशीनबद्दल दोन शंका होत्या. पहिली, यात कपडा पाक होतो का? ती हाताने धुवायची तेव्हा तीन पाण्यांतून काढायची आणि दर वेळी पिळायची. नमाजचे कपडे आहेत, शंका ठेवून चालत नाही. मी तिला सांगितलं की घाण पाणी पूर्ण सोडून दर वेळी नवीन पाणी घेतं. तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. पाट घेऊन काचेच्या दारासमोर बसली, हातात तसबी, आणि पाणी किती वेळा येतंय-जातंय ते मणी सरकवून मोजलं. तासाने आत येऊन म्हणाली, "तीनदा निवळ पाणी घेतलं. चालंल."

दुसऱ्या शंकेचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "ऊन लागल्याबिगर कापडाला कापडाचा वास येत न्हाई," ती म्हणाली. हे खरंच आहे. मशीनमधून निघालेल्या टॉवेलला गरम लोखंडाचा वास येतो.

जुलैअखेरीस तिचा रात्रीचा खोकला कमी झाला. भिंत आम्ही घासून, वाळवून रंगवली होती, गादी बदलली होती, पंपही नवा होता. त्यामुळे सगळं श्रेय मशीनला देणार नाही. पण ती रात्री झोपत होती.

आता ती कबूल करायची गोष्ट.

अम्मी आली त्या पहिल्या वर्षी ती आपला बुरखा स्वतः धुवायची आणि हॉलच्या खिडकीत, ग्रिलच्या आत, हँगरला लावून वाळवायची. उजेडाची, वाऱ्याची जागा तीच. एक दिवस लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. सोसायटीच्या कमिटीवर आहेत. स्वभावाने वाईट नाहीत, मुलीला संक्रांतीला तिळगूळ आठवणीने देतात. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या खिडकीत ते काळं लांब काय वाळत असतं हो? खालून बरं दिसत नाही. बिल्डिंगला नवा रंग दिलाय ना, म्हणून म्हटलं."

समोरच्या खिडकीत त्या दिवशी निळी ताडपत्री वाळत होती. तिसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी पांघरूण बाहेर लोंबत होतं. मी हे बोलू शकले असते. सोसायटीचा नियम ग्रिलच्या बाहेर कपडे लोंबवू नयेत एवढाच आहे, आणि आमचा बुरखा आत होता, हेही बोलू शकले असते. मी म्हटलं, "हो काकू, बघते."

का म्हटलं? हे घर मिळायला आम्हाला सात महिने लागले होते. दलालाला फोनवर मराठी ऐकून आनंद व्हायचा. "या, या, घर रिकामंच आहे." मग पूर्ण नाव विचारायचा, आणि थोड्या वेळाने फोन यायचा की मालकाचा पुतण्या राहायला येतोय. सात महिन्यांत मालकांचे इतके पुतणे मुंबईत आले की त्यांची मोजदाद नाही. या मालकाने नाव ऐकून फक्त "भाडं वेळेवर द्या" म्हटलं. असं घर हातातून जाऊ नये म्हणून माणूस काय काय करतो. दारावरच्या पाटीवर आम्ही फक्त आडनाव लावलंय, आणि आमचं आडनाव मराठी आहे. ईदला मटण आणतो ते दोन पिशव्यांत. आणि त्या दिवशी लिफ्टमधून उतरले ती सरळ घरात जाऊन अम्मीला म्हणाले, "अम्मी, खिडकीत फार धूळ येते गं. रस्त्याचं काम चालू आहे. तुझा बुरखा बाथरूममध्ये वाळवत जा."

ती "बरं" म्हणाली. त्या दिवसापासून बुरखा बाथरूममध्ये. मग त्याच्याबरोबर तिच्या ओढण्याही आत आल्या, कारण धूळ त्यांनाही लागणारच ना. मग नवऱ्याचा पठाणी. हळूहळू खिडकीत फक्त मुलीचा युनिफॉर्म आणि माझ्या साड्या राहिल्या. खालून बघितलं तर कुणाच्याही घराची खिडकी वाटावी अशी. बाकी सगळ्याचं पाणी घरात मुरत राहिलं.

म्हणजे डॉक्टरांनी "कपडे कुठे वाळवता" विचारलं तेव्हा मी हसून दिलेलं उत्तर अर्धंच होतं. पावसाळ्याला आमच्याकडे इलाज नव्हता, हे खरं. पण त्या पावसाळ्याच्या आधीचे कितीतरी कोरडे महिने मी अम्मीचे कपडे उन्हातून उचलून तिच्या गादीजवळच्या ओलीत नेऊन ठेवले होते, हेही खरं.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मशीनचं दार उघडलं. पातळ कपड्याच्या खुणेवर, कमी तापमानाला, मी अम्मीचा बुरखा वाळवला होता. घडी घालताना माझ्या मनात आलं ते आता लिहिते. मनात आलं, बरं झालं, आता हा कुणाला दिसायचा प्रश्नच नाही. मला हलकं वाटलं. पन्नास हजारांत भिंत कोरडी झाली आणि ही कटकटही मिटली. मशीन घेताना हा हिशोब डोक्यात कुठेतरी होता का, हे मी स्वतःला विचारलं. होता.

अम्मी शेजारी बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चांगलं हाय मशीन. आता खालनं कुणाला कळायचं न्हाई हितं कोण ऱ्हातंय."

मी गप्प बसले. मग म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? रस्त्याचं काम कवाच संपलं. धूळ काय फकस्त माझ्याच कापडावर बसतीया व्हय?" आणि थोडं थांबून, "तू एवढ्या कष्टानं घर मिळवलंस. माझ्या एका कापडापायी त्ये जाऊ नये, म्हणून मीबी गप बसले."

दीड वर्ष ती मला सांभाळत होती आणि मला वाटत होतं, मी तिला सांभाळते. मला रडू आलं, ते तिने बघितलं आणि तिची नेहमीची सवय, विषय बदलला. "ह्यो टॉवेल अजून दमट हाय बघ," म्हणाली.

त्यानंतर आठवड्याभरात दारावर टकटक झाली. चौथ्या मजल्यावरच्या काकू. त्यांची सून बाळंत होऊन महिनाही झाला नव्हता, आणि बाहेर चार दिवस पाऊस थांबला नव्हता. काकूंच्या हातात बादली, बादलीत धुतलेली लंगोटं आणि दुपटी. "तुमच्याकडे वाळवायचं मशीन घेतलंय म्हणे. एकही कोरडं लंगोट नाही हो घरात. इस्त्री करून करून हात दुखले."

मी काही बोलायच्या आत अम्मी उठली. बादली घेतली, लंगोटं हातात धरून बघितली. "साबण नीट गेला न्हाई ह्यातला. ल्हान लेकराची कातडी, पुरळ उठंल. आदी एक निवळ पाणी द्यू, मग वाळवू." काकूंना बसवलं, चहा टाकायला मला सांगितलं. मशीन फिरत असताना दोघी अडीच तास बोलत होत्या. बाळंतिणीला काय द्यायचं, डिंक की अळीव, सुनेला पाठीला तेल कोण लावतं. बुरखा दाराच्या मागच्या खुंटीवर होता, काकूंच्या अगदी समोर. त्यांनी तो बघितला असणार. काही म्हणाल्या नाहीत. लिफ्टमधलं बोलणं त्यांना आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. मीही काढलं नाही. पाऊस होता तोवर ती बादली एक दिवसाआड येत राहिली.

हे सांगून मला असं म्हणायचं नाही की लंगोटं वाळवून दिली आणि सगळं मिटलं. कुणाच्या घरात कोण राहतं हे खिडकीवरून बघणारे लोक आहेत, आणि ते बघतील या भीतीने स्वतःच आवरून घेणाऱ्या माझ्यासारख्या बायकाही आहेत. काकूंनी एक वाक्य म्हटलं होतं. त्यावर पुढची दीड वर्षं मी केली.

ऑक्टोबर उजाडला. मुंबईचं ते चटका देणारं ऊन पडायला लागलं. पहिल्या रविवारी मी अम्मीचे दोन्ही बुरखे धुतले. मशीनमध्येच धुतले, जोरात पिळले, पण वाळवायचं बटण दाबलं नाही. हॉलच्या खिडकीत, ग्रिलच्या आत, हँगरला लावले. शेजारी तिच्या ओढण्या, नवऱ्याचा पठाणी, मुलीचा फ्रॉक. हात थोडे कापले, खोटं कशाला सांगू. दुपारभर मी दर थोड्या वेळाने खाली रस्त्याकडे बघत होते. कुणीही वर बघत नव्हतं.

अम्मी काही बोलली नाही. पण मगरिबच्या बराच आधी, ऊन अजून खिडकीत असताना, ती उठून कपडे काढायला गेली. बुरखा हातात घेतला, घडी घालायच्या आधी नाकाशी नेला.

"ह्यो वाळला," म्हणाली.